झऱ्याचा नमुना

रविवारी दुपारी सव्वाचारपर्यंत विहिरीतून निघालं ते असं: बेडूक एकशे सतरा, मासे चौतीस, त्यांतल्या मरळ तीन, विरोळे जातीचे पाणसाप दोन, कासव एक. बादल्या चार, त्यांतली एक पितळी. स्टीलचे पेले सहा. चपला पाच, एकीचीही जोड नाही. आणि काळा, बुळबुळीत, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा गाळ, सत्तावीस घमेली. जिवांपैकी जिवंत एकही नव्हता.

स्नेहानं हे सगळं वहीत लिहिलं, शेजारी वेळ टाकली आणि मगच खांद्यावरची बॅग खाली ठेवली. ती वाशीमहून नुकतीच आली होती. आसेगावला एसटीतून उतरून पुढचे चार किलोमीटर मे महिन्याच्या उन्हात पायी. बॅगेत तिनं घासून, धुऊन, वाळवून आणलेल्या नऊ बाटल्या होत्या. त्या बाटल्यांत जे पाणी भरायचं होतं, ते तिच्या डोळ्यांदेखत डिझेल पंपाच्या पाइपातून नाल्यात चाललं होतं.

"बेडकं मोजून काय करतं व पोरी?" शेजारची कमलीबाई नाकाला पदर लावून म्हणाली. "त्याईचं रेशन कार्ड काढतं काय?"

"पंप कोनं लावला, काकू?"

"तुह्या आबानं. दुसरा कोन लावन?"

सावळदऱ्याच्या बौद्ध वस्तीत एकतीस घरं आणि ही एक विहीर. सत्तावन्न साली, दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, वस्तीनं ती पहारी-टिकावानं खोदली. त्याआधी गावच्या विहिरीवर यांना कोणीतरी वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं. स्नेहाचे आबा, म्हणजे आजोबा शेषराव, तेव्हा दहा वर्षांचे होते आणि टोपल्यात मुरूम भरून देत होते. तेव्हापासून दर एप्रिलात, चौदा तारखेच्या आधी, विहीर उपसायची, घासायची, कठड्याला चुना लावायचा, हा वस्तीचा नेम. यंदा तेवढा तो राहिला होता. बाहेरचं कोणी येणार असलं तरी आधी विहीर बघायची, मग अंगण.

चार वर्षांपूर्वी चढावर, सहाशे मीटरवर, कारखाना आला. अर्थवर्धन बायोफ्युएल्स. मका आणि तांदळाची कणी आंबवून इथेनॉल काढायचा कारखाना. इथेनॉल काढून झाल्यावर जे तपकिरी, आंबट पाणी उरतं त्याला तिथले कामगार 'वॉश' म्हणतात. हा वॉश वाफेवर आटवून त्याची भुकटी करायची आणि एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, या अटीवर कारखान्याला परवानगी होती. आटवायला वाफ लागते, वाफेला कोळसा लागतो. आटवायचं यंत्र एक पाळी बंद ठेवलं तर दिवसाला नऊ टन कोळसा वाचतो. मग त्या पाळीचा वॉश आवारातल्या जुन्या, कोरड्या बोअरमध्ये सोडून दिला की झालं. जमीन पिऊन घेते. जमिनीच्या पोटातून तो कुठं जातो, हे वस्तीला दिवाळीत कळलं. विहिरीचं पाणी आधी चहासारखं झालं, मग काढ्यासारखं. पोरांच्या अंगाला खाज सुटली. म्हशी हौदाला तोंड लावून मागं फिरू लागल्या. कारखान्यानं घराला आठवड्याला दोन जार पाणी फुकट सुरू केलं. जारवर कंपनीचं नाव आणि हसणाऱ्या बाईचं चित्र होतं.

स्नेहा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती आणि वाशीमच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होती. प्रदूषण खात्याकडे तक्रार तिनंच लिहिली. पाच महिन्यांत सात पत्रं गेली, तेव्हा कुठं तपासणीची तारीख आली: सोमवार, सकाळी अकरा. तपासणीच्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. विहिरीचा नमुना घेणार, त्याचा सीओडी बघणार. सीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण पूर्ण जाळायला किती प्राणवायू लागेल त्याचा आकडा. चांगल्या विहिरीत तो दहा-पंधरा असतो. शंभराच्या वर आला तर बोअर सील आणि कारखान्याला टाळं. खाली आला तर तक्रार निकाली, आणि त्याच विहिरीसाठी पुन्हा तक्रार घेतली जाणार नाही.

आणि आदल्या दिवशी आबांनी विहीर उपसून टाकली होती.

आबा निंबाखाली बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यापर्यंत गाळानं काळा, शेजारी ब्लिचिंग पावडरचं पोतं.

"आबा, काहून उपसली?"

"उद्या सायब लोक येऊन राह्यले ना."

"त्याईले थेच पानी दाखवाचं होतं. घान पानी."

आबांनी पायावरचा गाळ बोटानं निपटून काढला. "घान. तुले मालूम हाय, म्हाराची विहीर घान हाय असं म्हननाऱ्याईले म्या किती जवाब देल्ले? गावातला मानूस इथं पानी पेला पायजे म्हनून मही माय कठडा राखेनं घासे. आता मीच सायबाईले बोलावू, अन् म्हनू, पाहा, आमी असे राह्यतो?"

स्नेहानं वही मिटली.

"पंप कुठून आनला?" तिनं विचारलं.

"रामकिसननं धाडला. डिझेल त्याचंच, पावडर बी त्याचीच. सोताहून म्हने, आबा, सायब येते, जरा नीटनेटकं करून घ्या. भला मानूस हाय. जयभीम घातल्याबिगर बोलत नाई."

रामकिसन गावातला. आधी बियाणं-खताची एजन्सी होती, आता कारखान्यात जनसंपर्क बघायचा. त्याचा जयभीम फाट्यापासून ऐकू यायचा. स्नेहानं पंपाकडे पाहिलं. पंपाच्या चाकाच्या वर कारखान्याचा बिल्ला होता.

मग ती विहिरीच्या काठावर पोटावर आडवी झाली आणि खाली पाहत राहिली. अकरा मीटर खोल, साडेचार मीटर व्यास. तळ उघडा पडला होता. पूर्वेच्या बाजूला, तळापासून अडीच हात वर, खडकाच्या भेगेतून पाणी झिरपत होतं. वस्ती त्याला 'जिता झरा' म्हणायची, कारण बाकीचे दोन कधीच आटले होते. भेगेखाली खडकावर तपकिरी ओघळ होता आणि त्याच्या कडेनं पांढरा, कापसासारखा चिकट थर लोंबत होता.

ती गुडघे झटकत उठली.

"आबा, पावडर टाकू नका. पंप बंद करा, अन् विहीर तशीच राहू द्या. राती झऱ्याचंच पानी भरन. थे खरं पानी हाय."

"वास मारन ना."

"मारू द्या."

आबांनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं.

संध्याकाळी सहापर्यंत स्नेहानं मोजपट्टीला दगड बांधून तीनदा पातळी घेतली. तासाला तीन सेंटिमीटर. सोमवारी अकरापर्यंत अर्धा मीटर पाणी, आणि सगळं झऱ्याचं. तिनं वहीत आकडे लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

दिवेलागणीला तिची माय, पंचफुलाबाई, ताटं वाढत होती. वडील आठ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून घर माय चालवत होती आणि गेल्या दोन वर्षांपासून भाऊ प्रसेनजित. तो त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांत होता. वॉश आटवायच्या यंत्रावरच. वॉश बोअरमध्ये जातो हे स्नेहाला त्यानंच सांगितलं होतं.

"जेवा," माय म्हणाली. "कंपनीच्या पान्याची डाळ हाय. जारवरची बाई हासून राह्यली, तुमी बी हासा."

प्रसेनजित हसला नाही. "तीन दिवस झाले, मशीन तिन्ही पाळ्या चालू हाय. बोअरचा वॉल्व बंद केला. सुपरवायझरनं फळ्यावर लिहून ठेवलं, सोमवार संध्याकाळ, वॉल्व सुरू."

"फळ्यावर?"

"खडूनं. तारीख टाकून. लपवाचं काय हाय त्यात, सगळ्याईलेच मालूम हाय." त्यानं भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून तसाच ठेवला. "ताई, तू सायंटिस्ट हायस, तू लढ. पन मह्याकून लेखी मांगू नको. जूनमधी ठेका नवा होते."

"नाई मांगत."

"तीन दिवसांत साफ होते का पानी?"

"सहा महिने जमिनीत मुरलं. तीन दिवसांत कसं होईन?" ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवण गेलं.

सोमवारी नमुने थंड ठेवायला बर्फ हवा होता. तो आसेगावातच मिळायचा. स्नेहा आठ वाजता निघाली. बर्फवाल्याचं दुकान साडेनऊला उघडलं, परतीच्या ऑटोचा टायर वाटेत बसला, आणि ती थर्माकोलचा डबा कवटाळून वस्तीत आली तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती.

विहिरीभोवती सडा टाकलेला होता. कठड्यावर ओला चुना. विहिरीत दीड मीटर निळसर, नितळ पाणी होतं, आणि त्याला ब्लिचिंगचा दवाखान्यासारखा वास होता. डिझेल पंप अजून गरम होता. मातीत टँकरच्या चाकांच्या दोन जोड्या उमटलेल्या. कठड्यापाशी आबा हातात पावडरची बादली घेऊन उभे होते आणि रामकिसन मोबाइलवर त्यांचा फोटो काढत होता.

"आबा, जरा हासा ना. हां. जयभीम, स्नेहाताई."

स्नेहानं थर्माकोलचा डबा खाली ठेवला. "आबा, काल काय ठरलं होतं?"

आबांनी बादली खाली ठेवली. त्यांचा आवाज हळू होता. "त्याच्यापाशी फारम हाय. सायबाईचा. त्यात एक रकाना हाय, विहिरीभोवतीची स्वच्छता. तो म्हने, पानी वास मारलं तर सायब लिहीन, वस्तीची अस्वच्छता. मंग कंपनीले कोनी काही म्हनत नाई, तुमच्यावरच येते. लेखी येते. कायमचं." त्यांनी बादलीची कडी सरळ केली. "मह्या नावासमोर थो शबद नोको, पोरी. म्या मेल्यावर बी नोको."

रामकिसन मोबाइल पुसत होता. त्यानं एवढी एकच गोष्ट नीट अभ्यासली होती, आणि ती पुरेशी होती. कारखान्यात दोन इंजिनिअर होते, एक वकील होता, मुंबईला ऑफिस होतं. त्यांतल्या कोणालाही ही युक्ती सुचली नसती. ती गावातच राहून, गावातच बघून शिकावी लागते. स्नेहाला त्याच्या स्वच्छ, पांढऱ्या शर्टाकडे बघवेना. विहिरीचा गाळ तिला त्यापेक्षा बरा वाटला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी जीप आली. चाळिशीतल्या एक मॅडम, आणि बाटल्यांची पेटी उचलणारा एक मदतनीस. मॅडमनी दोरीला बाटली बांधून खाली सोडली, भरून वर ओढली, उन्हात धरली. पाणी काचेइतकं स्वच्छ होतं.

"मॅडम, हे टँकरचं पाणी आहे," स्नेहा म्हणाली. "आज सकाळी विहीर उपसून दोन टँकर ओतलेत. चाकांच्या खुणा आहेत. ब्लिचिंगचा वास आहे."

मॅडमनी वास घेतला. मातीकडे पाहिलं. "टँकर कोणी आणला?"

"वस्तीनंच मागवला, मॅडम," रामकिसन पुढे झाला. "विहीर साफ केली ना यांनी. रिकामी विहीर बरी दिसत नव्हती. आम्ही सामाजिक बांधिलकी म्हणून पाणी दिलं. विचारा आबांना."

"आजोबा, तुम्ही मागवला?"

आबा म्हणाले, "म्या हो म्हनलं."

मॅडमनी श्वास सोडला. "ताई, तुमचं म्हणणं मी नोंदवते. पण नमुना हाच धरावा लागेल. विहिरीत जे आहे ते मी घेतलं." त्यांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, नमुना क्रमांक एक, आणि फॉर्म भरायला घेतला. खोली. व्यास. कठडा आहे का. विहिरीभोवतीची स्वच्छता. तिथं त्यांनी 'उत्तम' लिहिलं.

आबा त्यांच्या पेनाकडे बघत होते. "बाई, थ्या रकान्याचा अन् पान्याच्या निकालाचा काय संबंध हाय?"

"या? काही नाही, आजोबा."

"तठी घान लिहिलं असतं तर?"

"तरी काही नाही. निकाल प्रयोगशाळेच्या आकड्यावर लागतो. हा रकाना नुसता भरायचा असतो."

आबांनी रामकिसनकडे पाहिलं. रामकिसन त्याच वेळी फोन आल्यासारखं करून दोन पावलं बाजूला गेला. वस्तीतल्या बाया-माणसं गोळा झाली होती, पन्नासेक असतील. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बाई," ते म्हणाले, "हे पानी आमचं नाई. आमच्या विहिरीचं पानी घान हाय. लय घान हाय, त्याच्यात बेडूक बी जगत नाई. तुमी थांबा. दाखवतो."

"पंप लावता येईल का?" मॅडमनी विचारलं.

"डिझेल संपलं, मॅडम," रामकिसन बाजूनं म्हणाला.

स्नेहानं वही उघडली होती. झऱ्याची भेग तळापासून एक मीटर दहा. पाणी दीड मीटरवर. चाळीस सेंटिमीटर खाली आणलं की झरा उघडा पडतो, आणि उघड्या झऱ्याच्या तोंडाशी टँकरचं पाणी मिसळायचा प्रश्नच नाही. साडेसहा हजार लिटर. दहा लिटरची बादली धरली तर साडेसहाशे बादल्या, आणि दरम्यान झरा देईल त्याच्या वरच्या सत्तर. विहिरीवर बादल्या ओढायच्या चार गडगड्या होत्या.

"मॅडम, दीड तास द्या," ती म्हणाली. "झऱ्यातून थेट नमुना देते."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मला तीनला जऊळक्याला पोचायचंय." मग त्या निंबाखालच्या पारावर बसल्या आणि पर्समधून पाण्याची बाटली काढली. "दीडपर्यंत आहे मी."

पहिली बादली आबांनी ओढली. दुसरी ओढायला गेले तेव्हा पंचफुलाबाईनं त्यांच्या हातातून दोर घेतला. चारही गडगड्यांवर दोन-दोन जणं लागली, दमली की बदलली. पाणी नाल्यात ओतायचं आणि बादली परत खाली. कमलीबाई कठड्यावर बसून मोठ्यानं मोजत होती, आणि शंभर झाले की स्नेहा वहीत एक रेघ मारत होती.

"पायलं का रामकिसनभाऊ," कमलीबाई आकड्यांच्या मधेच म्हणाली, "एकशे चाळीस, तुमी फुकट देल्लेलं पानी आमी फुकटच वापस करून राह्यलो, एकशे एक्केचाळीस."

"करा ना, वयनी. पानीच हाय."

"टँकरवाल्याले सांगा थांब म्हना. भरून देतो."

बाया हसल्या. रामकिसनही हसला. मग तो पंचफुलाबाईच्या गडगडीपाशी गेला आणि अगदी घरातलं बोलावं तसं म्हणाला, "वयनी, प्रसेनजितची आज दुसरी पाळी ना? दोनले जाईन ना थो कामावर?"

पंचफुलाबाईच्या हातातला दोर क्षणभर थांबला. मग सरकू लागला.

तीनशे बादल्यांनंतर पाण्याला रंग आला. आधी लिंबाच्या सरबतासारखा, मग चहासारखा. चारशेच्या पुढं वास उठला. आंबलेल्या पिठाचा, आणि त्याच्या मागून सडक्या अंड्याचा. मॅडमचा मदतनीस उठून जीपच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मॅडमनी रुमाल काढला, पण नाकाला लावला नाही, हातातच ठेवला. एका पोरीला उलटी झाली. तिनं तोंड पुसलं आणि परत दोर धरला.

सहाशे ऐंशीव्या बादलीला पूर्वेच्या भिंतीवर भेग उघडी पडली. बारा वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

कोणीतरी खाली उतरायला हवं होतं. भिंतीत लोखंडी पायऱ्या होत्या, पण खालच्या चार गंजून गेलेल्या. शिवाय वॉश कुजला की गॅस सुटतो, आणि विहिरीत उतरलेला माणूस परत न येणं जिल्ह्यात नवं नव्हतं. स्नेहानं कंदील पेटवून दोरानं तळापर्यंत सोडला. पाच मिनिटं थांबली. ज्योत जळत राहिली. पण सडक्या अंड्याचा वास देणारा गॅस ज्योतीला कळत नाही, हे तिला माहीत होतं. काल माणसं दिवसभर खाली होती आणि धडधाकट वर आली होती, एवढाच तिच्यापाशी आधार होता.

"मी उतरते," ती म्हणाली.

"तू वर थांब. बाटली कशी भराची थे सांग."

प्रसेनजित गर्दीच्या मागून पुढं आला. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, खिशावर नाव आणि बिल्ला. पाळीला निघाला होता.

"प्रसेन, दोन वाजता..."

"घड्याळ मह्यापाशी बी हाय."

रामकिसन म्हणाला, "प्रसेनजित, इकडं ये जरा. दोन मिनटं."

"वर आल्यावर येतो, साहेब."

कमरेला दोर बांधला, तोंडावर ओला गमछा. दोराचं टोक सहा जणांनी धरलं. स्नेहा काठावर आडवी पडून सांगत होती. बाटली आधी झऱ्याच्याच पाण्यानं विसळ. तोंड भेगेला टेकव, खडकाला लावू नको. काठोकाठ भर. आणि दर अर्ध्या मिनिटाला आवाज दे. तो दर अर्ध्या मिनिटाला "हाव" म्हणत होता. खालून त्याचा हाव घुमून वर यायचा. अकरा हाव झाले. बाराव्याला उशीर झाला तेव्हा आबांनी दोराला हात घातला, आणि तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला आणि मागून हाव.

तो वर आला तेव्हा शर्टाचा खिसा, बिल्ला, नाव, सगळं तपकिरी झालं होतं. पिशवीत तीन बाटल्या. मॅडमनी एक उन्हात धरली. बाटलीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यांनी त्यात नमुना टिकावा म्हणून आम्लाचे थेंब टाकले, झाकण लावलं, लाख वितळवून मोहोर मारली, बर्फात ठेवलं. चिठ्ठी: नमुना क्रमांक दोन.

"निकालाला हाही धरते, पण पंचनाम्यावर नमुना काढणाऱ्याची सही लागेल," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव आणि व्यवसाय."

स्नेहानं पुढं होऊन पेन घेतलं. "मी करते सही."

"तुम्ही काढला नाही ना, ताई."

प्रसेनजितनं हात पँटला पुसले. नाव लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन टेकवून थांबला, मग लिहिलं: अर्थवर्धन बायोफ्युएल्स, वॉश आटवण्याचं यंत्र, चालक. आणि खाली, न विचारता, आणखी एक ओळ: वॉश रोज तिसऱ्या पाळीत बोअर क्रमांक तीनमध्ये सोडतात. मग सही केली. जीप गेली तेव्हा दीड वाजायला चार मिनिटं होती.

तो दोनच्या पाळीला गेला. गेटवर त्याला आत घेतलं नाही. ठेकेदारानं सांगितलं की यादीत नाव नाही, आणि वापरलेला शर्ट धुऊन परत करायचा आहे.

गुरुवारी पेपरच्या जिल्हा पानावर फोटो आला. चुन्यानं रंगवलेला कठडा, नितळ पाणी, आणि हातात पावडरची बादली घेतलेले आबा, थोडेसे हसणारे. खाली लिहिलं होतं की अर्थवर्धन बायोफ्युएल्सच्या 'निर्मल विहीर' मोहिमेमुळं सावळदऱ्यातल्या वंचित वस्तीला स्वच्छतेचं महत्त्व पटलं. पंचफुलाबाईनं तो पेपर चुलीत घातला. आबांनी तिच्याआधी तो दोनदा वाचला होता.

पुढच्या आठवड्यात जार आले नाहीत. रामकिसनला विचारलं तर म्हणाला, तुमची विहीर आता साफ झाली ना, जार कायले पायजे? एकतीस घरांच्या बाया शाळेजवळच्या हातपंपावर जाऊ लागल्या. जाऊन-येऊन दोन किलोमीटर सहाशे मीटर, स्नेहानं मोजलं. प्रसेनजित अनसिंगला एका वेल्डिंगच्या दुकानात लागला. कारखान्याच्या धुरांड्यातून पहाटे धूर कमी दिसायचा, म्हणजे आटवायचं यंत्र बंद असायचं. विहिरीची पातळी स्नेहा दर रविवारी घेत होती. आबा तिच्याबरोबर काठावर येत, कठड्याला टेकून उभे राहत. मोहिमेचा फलक कंपनीनं कठड्यावर खिळ्यांनी ठोकला होता. त्याचे खिळे आबांनी एकेक करून उपटून काढले.

तेविसाव्या दिवशी टपालानं अहवाल आला. पाकीट आबांनी फोडलं आणि कागद स्नेहाच्या हातात दिला. तिनं उभ्यानंच मोठ्यानं वाचला.

नमुना क्रमांक एक, विहिरीचा पृष्ठभाग. सीओडी, मिलिग्रॅम प्रति लिटर: १२.

नमुना क्रमांक दोन, झऱ्याचं मुख. सीओडी, मिलिग्रॅम प्रति लिटर: २,३४०.